संगणकाचा तास: चालू मशीन सात, पोरं बासष्ट

सातवा_तास

गेल्या जूनमध्ये वेळापत्रक हातात पडलं, तर गुरुवारच्या सातव्या तासापुढे माझं नाव आणि खाली 'संगणक'. हेडसरांना विचारायला गेलो. म्हणाले, "सरलची कामं तुम्हीच करता ना? यू-डायस तुम्हीच भरता ना? मग तुम्हाला येतंच की." सरल, यू-डायस म्हणजे शाळेची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन नोंदी. विषय संपला.

मी गणिताचा मास्तर. सोलापूर जिल्ह्यातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. संगणकातलं माझं भांडवल म्हणजे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आणि हौस. आमच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, संगणक शिक्षक असं पदच नाही, त्यामुळे ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात हा विषय दरवर्षी पडतो. आधीच्या वर्षी पीटीचे सर होते, त्याआधी चित्रकलेचे.

लॅबची किल्ली क्लार्कभाऊंकडे. दाराबाहेर पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. आत बारा मशीन, गुलाबी सॅटिनची कव्हरं घालून उत्सवमूर्तींसारखी बसवलेली. चालू निघाली सात. विंडोज ७, दोन जीबी रॅम. युपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या, म्हणजे लाइट गेली की सगळं गेलं.

पहिल्या तासाला वर्गातच थांबलो. विचारलं, संगणकाचे जनक कोण? बासष्ट आवाज: "चार्ल्स बॅबेज!" म्हटलं, त्यांनी काय केलं? चिडीचूप. मागच्या बाकावरून एक जण: "सर, ते वारले."

वह्या पाहिल्या. सीपीयूचं लांबलचक नाव, इनपुट-आउटपुटचा तक्ता, माउसचं चित्र रंगवलेलं. पोरांनी विषय पाठ केला होता, इतिहासातल्या सनावळ्यांसारखा. त्यात चूक काहीच नव्हती, हेच वाईट.

मग मशीन बाजूला ठेवलं. पुठ्ठ्याची पाच कार्डं केली, त्यांवर टिकल्या चिकटवल्या: १६, ८, ४, २, १. पाच मुलं फळ्यासमोर उभी. कार्ड दाखवलं तर एक, पाठ फिरवली तर शून्य. आकडा मी सांगायचा आणि त्यांनी आपापसात न बोलता उभं राहायचं. तेरा म्हटलं की आठ, चार आणि एक पुढे. ही कल्पना माझी नाही. न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी गेली तीसेक वर्षं संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे असे खेळ जमवताहेत. पण सहाव्या मुलाला उभं करायच्या आधीच एक मुलगी म्हणाली, "सर, पुढचं कार्ड बत्तीसचं. आणि सगळी दाखवली तरी बत्तीसला एक कमीच पडणार." पाठांतरातून हे आलं नव्हतं. तेवढ्यावर पुढचा महिना मी हवेत होतो.

दिवाळीनंतर लॅबमध्ये नेलं. अर्धा वर्ग लॅबमध्ये, अर्धा वर्गात कागदावर, पुढच्या गुरुवारी अदलाबदल. तरी एका मशीनवर चार-पाच. नियम केला: ज्याच्या हातात कीबोर्ड त्याने डोकं चालवायचं नाही, ज्याने डोकं चालवायचं त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. दर सात मिनिटांनी मी ताटली वाजवतो, मग जागा बदलायच्या. हे केलं नसतं तर माउस पोरांच्या हातात आणि मुली मागे उभ्या, हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू केली. पहिला प्रोग्रॅम: मराठीचे गुण विचार, गणिताचे विचार, बेरीज सांग. एका गटाने ३५ आणि ४० दिले. उत्तर आलं ३५४०. "सर, साडेतीन हजार मार्क पडले!" वर्ग आनंदात.

आता विचारायचंय ते असं. हीच मुलं जूनमध्ये नववीत जातील, तास आठवड्याला एकच, ३५ मिनिटांचा. हेडसरांना स्नेहसंमेलनात 'एआय'चा स्टॉल हवाय. पालक विचारतात, याचे मार्क दहावीत धरतात का? (नाही.) मी पायथन चालू ठेवू, कार्डांकडे परत जाऊ, की सरळ एक्सेल शिकवून मोकळा होऊ? ज्यांनी शिकवलंय त्यांनी जरा सांगा. ज्यांनी शिकवलं नाही ते सांगतीलच.

---

भाकरवडी

शेवटचं वाक्य वाचूनही सांगतो. :)

चौदा वर्षं आयटीत आहे, मुलाखती घेतो. खरं सांगू? टिकल्यांची कार्डं वगैरे गोड आहे, पण जग कुठे चाललंय? माझी मुलगी सीबीएसईला नववीत आहे, तिला एआय हा वेगळा विषय आहे. पोरांना प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, कशी लिहायची ते शिकवा. दोन वर्षांनी प्रोग्रॅम कोणीच हाताने लिहिणार नाही.

आणि विंडोज ७ फेका हो.

---

कंत्राटी

> आणि विंडोज ७ फेका हो

फेकतो. नवीन तुम्ही पाठवताय का?

सातवा_तास, तुमची ती गुलाबी कव्हरं मी ओळखली. म्हणजे तीच नव्हेत, पण तसलीच मी स्वतः टेलरकडून शिवून घेतली होती. केंद्राच्या आयसीटी योजनेत पाच वर्षं निदेशक होतो, मराठवाड्यातल्या एका शाळेत. योजना २००४ ची, आपल्याकडे ती कंत्राटावर राबवली गेली. कंपनीने मशीन आणायची, माणूस नेमायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग सगळं शाळेला देऊन निघून जायचं. कागदावर ठीक आहे. पाच वर्षांनी मशीन शाळेकडे राहिली आणि माणूस घरी गेला. चालवणारा गेल्यावर मशीनला कव्हर घालण्यावाचून शाळा दुसरं काय करणार?

मानधन किती होतं ते लिहीत नाही, लाज मला वाटते आणि वाटायला हवी दुसऱ्यांना. कधी सहा-सहा महिने यायचं नाही. तरी सांगतो, आठवीच्या एका बॅचला मी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली होती. ते कासव चौकोन काढतं ना, ते. चौकोन सगळ्यांना जमला. एकाने कोन नव्वदऐवजी एक्क्याण्णव टाकला, चुकून, आणि ते शंभर वेळा फिरवलं. पडद्यावर जे भिंगरीसारखं फूल उमटलं ते बघायला शिपाईमामासुद्धा आत आले, चपला घालून.

---

आक्का_नाशिक

चपला! अहो, आमच्याकडे तर एसी होता. शाळेत एसी एकच, आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हता, संगणकाच्या खोलीत होता.

मी १९८५ सालची गोष्ट सांगतेय. क्लास नावाची केंद्र सरकारची योजना होती, तिच्यात आमच्या शाळेला बीबीसी मायक्रो मिळाले. ३२ केबी मेमरी. तुमच्या फोनमधला एक फोटो त्यात मावायचा नाही. आम्हा दोघी-तिघींना प्रशिक्षणाला पाठवलं. बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागलो, म्हणजे मुलांच्या एक पान पुढे.

बेसिकमध्ये ओळींना क्रमांक द्यायचे, १०, २०, ३० असे. एका मुलीने विचारलं, "बाई, एक-दोन-तीन का नाही?" मला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. विचार करून म्हटलं, "मध्ये विसरलेली ओळ घुसवायला जागा हवी ना." ती म्हणाली, "म्हणजे चुकणार हे धरूनच चालायचं?" चाळीस वर्षं झाली, मला तिचं नाव आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

भाकरवडी, बेसिक आज कोण लिहितं? कोणीही नाही. त्या मुली वाया गेल्या का?

---

विचारूनबघ

पालक म्हणून लिहितोय. आमचा मुलगा आठवीत, मराठी माध्यम. शाळेत संगणकाची वेगळी फी घेतात आणि वर्षभरात पेंट आणि वर्डपॅड. या वर्षी विचारायला गेलो तर म्हणाले, पुढे अकरावीला घेता येईल की.

अकरावीला नक्की काय असतं पण? आमच्या वेळी बायफोकल (व्यावसायिक विषय म्हणून घ्यायचं) संगणकशास्त्र असायचं, त्यासाठी नव्वद टक्क्यांची रांग. दोनशे मार्कांचं, त्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर. अर्ध्या पोरांना ते इंजिनिअरिंगसाठी भाषेऐवजी मार्क मिळवून देणारं म्हणूनच हवं असायचं.

---

अनुस्वार

@विचारूनबघ, बायफोकल आहे अजून. त्याशिवाय माहिती तंत्रज्ञान हा विषय तिन्ही शाखांना घेता येतो, त्याची लेखी परीक्षा संगणकावरच होते. बारावीच्या पुस्तकात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी आहे. पण पहिली ते दहावी गणित न शिकवता अकरावीला एकदम कलन सुरू केलं तर जे होईल ते तिथे होतं.

सातवा_तास, तुमचा ३५४० हा प्रोग्रॅमिंगमधला सर्वांत चांगला धडा आहे, तो विनोद म्हणून सोडू नका. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथन अक्षरं म्हणून धरतो. पस्तीस ही संख्या वेगळी आणि 'पस्तीस असं लिहिलेलं' वेगळं. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक मांडणं.

एक गंमत करून बघा. तिथे संख्येत बदलायची सूचना घातलीत की मुलांना देवनागरी आकडे टंकायला सांगा. ३५ आणि ४०. चालेल. पायथनला देवनागरी अंक अंक म्हणून कळतात. मात्र प्रोग्रॅमच्या आत थेट ३५ लिहिलंत तर एरर. चलांची नावं मात्र देवनागरीत चालतात, 'गुण', 'बेरीज' वगैरे.

आणि विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढचं बसत नाही, तेच ठेवा. शाळेला पुरून उरतं.

---

सातवा_तास

अनुस्वार, देवनागरी नावं मी आधीच करून पाहिली होती. तोंडघशी पडलो. 'गुण' लिहायचं की कीबोर्ड मराठी, पुढची सूचना लिहायची की इंग्रजी, परत मराठी. फोनवर सराईत टंकणारी पोरं इथे अक्षरं शोधत बसली. तिसऱ्या गुरुवारी त्यांनीच गुपचूप रोमन लिपीत मराठी नावं सुरू केली. मी पण हट्ट सोडला. अवतरणचिन्हांतला मजकूर तेवढा मराठी.

एरर इंग्रजीत येतात, त्यावर एक तक्ता लावलाय. पाचच एरर, पण नव्वद टक्के वेळा त्यांतलाच एक. ओळ आत सरकवायची राहिली की जो येतो त्याला पोरं 'समास चुकला' म्हणतात. माझ्यापेक्षा त्यांनी बरं नाव ठेवलं. सिंटॅक्स एररचं मात्र 'सिंटॅक्स आला' झालंय, ताप आल्यासारखं.

अंकांचं उद्याच करतो.

---

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते, अर्धी गणित, अर्धी कॉम्प्युटिंग. धागा वाचून हसू आलं आणि रडूही, कारण गुलाबी कव्हरं सोडली तर गोष्ट हीच.

इकडे पण आधी आयसीटी नावाचा विषय होता, म्हणजे वर्ड, पॉवरपॉइंट, स्प्रेडशीट. मुलं कंटाळून मरायची. २०१२ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीचा अहवाल आला, विषयाचे वाभाडे काढणारा. २०१४ च्या सप्टेंबरपासून आयसीटी गेलं आणि पाच वर्षांच्या पोरांपासून कॉम्प्युटिंग आलं. २०१६ मध्ये बीबीसीने सातवीच्या सगळ्या मुलांना मायक्रोबिट नावाचे प्रोग्रॅम करता येणारे छोटे संगणक फुकट वाटले, सुमारे दहा लाख. पैसा, कायदा, पुस्तकं, सगळं झालं.

शिकवणार कोण, हे शेवटी. ज्या बाई काल मेल-मर्ज शिकवत होत्या त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सॉर्टिंग शिकवायचं होतं. मी त्यांतलीच. पहिल्या वर्षी रोज रात्री रडायचे. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सरकारने काढलं २०१८ मध्ये, म्हणजे लग्न झाल्यावर चार वर्षांनी कुंडली.

आणखी एक, जे आम्ही गमावलं. जुना विषय निम्म्या मुली घ्यायच्या असं नाही, पण बऱ्याच घ्यायच्या. नव्या विषयाच्या जीसीएसईला (इकडची दहावीसारखी परीक्षा) पाचांत एक मुलगी, एवढ्यावर गाडं अडलं. तुमची ती ताटली इकडे पाठवा. खरंच. मी 'जोडीने प्रोग्रॅमिंग' असं इंग्रजी नाव देऊन तेच करते, पण वेळेवर जागा बदलायला लावायचं मला सुचलं नव्हतं, त्यामुळे धीट पोरंच कीबोर्डला चिकटतात.

---

बदलीवाला

बँकेच्या बदलीमुळे चार वर्षं त्रिशूरला होतो, मुलगी तिथल्या सरकारी शाळेत. बाहेर जायची गरज नाही, केरळ बघा.

त्यांनी २००१ ला आयटी अ‍ॅट स्कूल सुरू केलं. मशीनवर विंडोज नाहीच, स्वतःची जमवलेली लिनक्स, त्यात जिओजेब्रा, इंकस्केप सगळं घालून दिलेलं. दहावीच्या बोर्डाला आयटीची परीक्षा आहे आणि ती संगणकासमोर बसून द्यायची. परीक्षा आहे म्हटल्यावर लॅब बंद ठेवून चालतच नाही, हा खरा खिळा. मशीन बिघडलं तर हेडमास्तर स्वतः फोन करायचे. २०१८ पासून लिटल काइट्स म्हणून मुलांचे क्लब आहेत, आमची लेक त्यात होती. शाळेतला प्रोजेक्टर बंद पडला की शिक्षक या पोरांना हाक मारायचे.

अवांतर: फणसाचे चिप्स मिस करतो.

---

भाकरवडी

आक्का, बेसिकबद्दल माघार. पण सातवा_तास, एआयचं उत्तर दिलं नाहीत. पोरांच्या घरात फोन आहेत. ती विचारणारच, तुम्ही शिकवा किंवा न शिकवा.

---

पेडण्याची_टीचर

गोव्यात केअर्स म्हणून योजना आहे, सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स. प्रशिक्षण मिळालं, कंप्युटर टीचर शाळेत आधीपासून होते, त्यामुळे आम्ही तुमच्यापेक्षा सुखी. तरी नेट गेलं की मी पण सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचंच काढते.

पंचवीस बुचं, पाच बाय पाच, उलटी-सुलटी कशीही मुलांनी मांडायची. मग मी 'जरा मोठा चौकोन करूया' म्हणून एक रांग आणि एक स्तंभ जोडते. मग पाठ फिरवते. एकाने कुठलंही एक बूच उलटायचं. मी वळून बरोबर तेच उचलते. जादू काय, तर जोडताना मी प्रत्येक रांगेत आणि स्तंभात उलटी बुचं सम केलेली असतात. एक उलटलं की एकच रांग आणि एकच स्तंभ विषम होतो. दोन्ही मिळतात तिथे चोर. हे कळल्यावर मुलांना सांगते, आधारचा बारावा आकडा असाच राखणदार आहे, आधीच्या अकरांवरून काढलेला. एक आकडा चुकीचा टंकला तर मशीनला लगेच समजतं. रीत थोडी कठीण असते, पण काम हेच.

सातवा_तास, बेब्रासला मुलं बसवा. मूळ लिथुएनियातली स्पर्धा आहे, २००४ पासूनची, बेब्रास म्हणजे त्यांच्या भाषेत बीव्हर. प्रोग्रॅमिंग यायला लागत नाही, कोडी असतात. आपल्याकडे सीएसपाठशाळेचे लोक घेतात, मराठीतून पण असते.

---

सातवा_तास

तीन आठवडे गायब होतो, माफी. बेब्रासची नोंद घेतली. देवनागरी अंक चालले! वर्गाने टाळ्या वाजवल्या, पायथनसाठी.

भाकरवडी, एआयचं उत्तर मीच देणार होतो, पण ते आधी वर्गात घडलं. तर ऐका.

विलोमपदं घेतली. उलट वाचलं तरी तेच, असे शब्द. मराठीच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत. प्रोग्रॅम असा: शब्द घे, उलटा कर, मूळ शब्दाशी ताडून बघ, सारखे तर 'हो'. एका पोराने आदल्या रात्री दादाच्या फोनवर एआयला विचारून तीन ओळींत लिहूनच आणला. चांगला होता, मी लिहिला असता तसाच. कनक: हो. जलज: हो. नमन, सरस, कडक: हो, हो, हो.

मग मागच्या मशीनवरून आवाज, "सर, मामा नाही म्हणतंय."

काका टाकलं. नाही. नवजीवन टाकलं. नाही. पाच मिनिटांत सातही मशीनवर मामा-काकांचा उद्धार सुरू. आणि तो प्रोग्रॅम आणणारा पोरगा उठून मला काय म्हणाला असेल? "सर, मग मामा विलोमपद नसेलच. मशीन सांगतंय."

मी त्याला फळ्याशी बोलावलं. मामा लिही. उलट वाच. त्याने वाचलं. पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. म्हटलं, काय ऐकू आलं? म्हणाला, "मामाच. पण सर…" आणि मशीनकडे बघत राहिला. स्वतःच्या कानांपेक्षा त्याला पडद्यावरचं 'नाही' जड वाटत होतं.

भाकरवडी, प्रॉम्प्ट शिकवीन हो. पण हा 'पण सर' आहे ना, तो आधी.

कारण मलाही लगेच सापडलं नाही, ते खरं. 'कमळ' उलटं करून छापलं तर नीट आलं. 'मामा' उलटं छापलं तर सुरुवातीला लटकता काना, त्याखाली टिंबाटिंबांचं वर्तुळ. एक मुलगी म्हणाली, "सर, काना सुटा पडलाय."

---

अनुस्वार

ब्राव्हो त्या मुलीला. तेच कारण आहे. आपण 'मा' हे एक अक्षर मानतो, युनिकोड (लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी संगणकाची पद्धत) ते म आणि काना असे दोन मानतो. मामा म्हणजे म, काना, म, काना. उलटं केलं की काना, म, काना, म. 'नवजीवन'मध्ये आपली अक्षरं पाच, मशीनची सहा. कनक वाचला कारण त्यात काना-मात्रा काहीच नाही. 'श्री'ची लांबी विचारा, चार सांगेल: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी.

इंग्रजी पुस्तकातली उदाहरणं मराठीत उतरवली की ही गंमत दिसत नाही, कारण तिथे ती नसतेच. आता त्यांना उपाय शोधू द्या. सांगू नका.

---

कंत्राटी

सर, मी असतो तर पोरांना कनक-जलज दिले असते आणि तास साजरा केला असता. वर्षानुवर्षं तेच केलं. वाचनखूण साठवली आहे.

---

विचारूनबघ

घरी करून पाहिलं. आमचा चिरंजीव म्हणतो, "बाबा, फोनला सांगा की मामा चुकलंय." फोनला सांगितलं. फोनने माफी मागितली आणि मोठा प्रोग्रॅम दिला, तो चालला पण. पण माझ्या मुलाला मामा चुकलंय हे आधी कळायला हवं होतं, हे खरंय.

---

सातवा_तास

उपाय दोन आले.

पहिला शुद्ध मराठी जुगाड. "सर, अक्षरांमध्ये स्वल्पविराम देऊन टाइप करायचं. न, व, जी, व, न. मग मशीन तुकडे तुकडे उलटे लावेल." चालला. मी म्हटलं, अक्षरं तोडायचं काम मशीनने करायचं होतं, ते तू केलंस. तर म्हणतो, "मला येतंय ना, मग त्याला कशाला?" याला काय उत्तर द्यावं मला अजून कळलेलं नाही. अर्धे मार्क द्यावेत की दीड?

दुसरा त्याच मुलीचा, काना सुटा पडलाय म्हणणारीचा. तिने कागदावर सगळ्या मात्रांची यादी केली, काना, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त. मशीनने एकेक चिन्ह घ्यायचं. ते यादीत असेल तर आधीच्या अक्षराला चिकटवायचं, नसेल तर नवं अक्षर सुरू. हलन्तानंतरचं व्यंजन पण चिकटवायचं, ही अट तिला 'स्वस्व' अडल्यावर सुचली. कागदावर दोन तास, मशीनवर तीन. 'रामाला भाला मारा' टाकलं, मोकळ्या जागा काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढल्या. हो! 'ती होडी जाडी होती'. हो!

मग कोणीतरी 'चिमा काय कामाची' टाकलं. नाही.

अर्धा तास आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक नव्हती. पहिली चि ऱ्हस्व, शेवटची ची दीर्घ.

शेवटी मराठीच्या बाईंना स्टाफरूममधून बोलावून आणलं. त्या तीन वर्षांत पहिल्यांदा लॅबमध्ये आल्या, चपला काढून. म्हणाल्या, हा कानाचा खेळ आहे, इथे ऱ्हस्व-दीर्घ कोणी बघत नाही. पोरं म्हणाली, मग मशीनला सांगतो, दोन्ही वेलांट्या एकच धर. बाई थांबल्या. "मग दिन आणि दीन पण एकच का?"

वर्गाचे दोन तट पडले. घंटा झाली तरी कोणी उठेना. बाईंनी पुढच्या गुरुवारचा सातवा तास माझ्याबरोबर मागून घेतलाय, पण तो घटक चाचणीत जाणार. हेडसरांना एआयच्या स्टॉलऐवजी 'मामा-काका' स्टॉल चालेल का विचारलंय, अजून हसताहेत.

आणि काल एका मशीनचा एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) उडाला. आता सहा.

---

आक्का_नाशिक

दीड द्या.

---

भाकरवडी

एसएमपीएस कुठला आहे, किती वॉटचा? ऑफिसमध्ये जुने पडलेत, विचारून दोन-तीन काढतो. रॅम पण असेल. शाळेचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

('मामा' मी पण टाकून पाहिलं. चौदा वर्षांत कधी टाकलं नव्हतं.)